दुपारपाळीचा डबा

नाना,

आई पुन्हा जेवायला लागली आहे. बाकी सांगण्यासारखं पुष्कळ आहे, पण तुम्ही आधी हेच विचारलं असतं, म्हणून हे आधी. दिवाळीनंतर तिचं संध्याकाळचं जेवण सुटलं होतं. ताट वाढलं की ती हात मांडीवर ठेवून दाराकडे बघत बसायची आणि ‘हे आल्यावर’ एवढंच म्हणायची. सकाळचा चहा, दुपारी घोटभर ताक आणि भाकरीचा चतकोर, यावर तिचे दिवस चालले होते. हातातली एकुलती बांगडी कोपराकडे सरकायला लागली. मी तिचं पोलकं दोनदा उसवून आत घेतलं. डॉक्टर म्हणाले, भुकेचं औषध देतो, पण त्यांनी घास तोंडात घालायला तर हवा. भूक नव्हती असं नाही, नाना. तिला आधी तुम्ही घरी यायला हवे होतात, आणि तुम्हाला जाऊन तर वीस-बावीस वर्षं झाली.

गेल्या महिन्यात ज्येष्ठ नागरिकांच्या हॉलमध्ये पुण्याहून एक तरुण बाई आल्या होत्या. फळ्यावर ‘रोजच्या जगण्यातली सजगता आणि करुणा’ असं सुंदर अक्षरात लिहिलं होतं. त्यांनी आम्हा सगळ्यांच्या तळहातावर एकेक मनुका ठेवला आणि म्हणाल्या, हा आयुष्यात पहिल्यांदाच बघताय असा बघा, मग सावकाश खा. हॉल अगदी शांत झाला. माझ्या शेजारी बसलेले निवृत्त तलाठी पुढे झुकून कुजबुजले, “ताई, आमच्या व्याह्यांनी लग्नात असंच जेवण दिलं होतं.” मला हसू आवरेना. पण बाई बोलत होत्या ते मनापासून बोलत होत्या, आणि मला ते पटतही होतं. तीच गोष्ट रोज करताना ती पहिल्यांदाच करतोय अशी करायची आणि समोर जो कोणी आहे त्याच्यासाठी करायची, असं त्यांचं म्हणणं होतं. मनुका माझ्या तोंडात विरघळत होता आणि मला मात्र तुमच्या पेनाचं टोपण आठवत होतं.

एस.टी. स्टँडवरची तुमची ती चौकशीची खिडकी म्हणजे भिंतीत एक चौकोन, त्याला गज, आणि खाली हात आत येईल एवढं अर्धगोल भोक. नाताळच्या सुट्टीत मी नांदेडच्या सिस्टरांच्या वसतिगृहातून घरी आले की तुमचा डबा पोचवायचं काम माझ्याकडे यायचं. आपलं घर स्टँडच्या मागच्या गल्लीत, त्यामुळे मी एकटी जायचे आणि तुमचं खाऊन होईपर्यंत तुमच्या मागच्या स्टुलावर बसून राहायचे. खिडकीशी कोणी आलं की तुम्ही लिहिणं थांबवायचात, पेनाला टोपण लावायचात, आणि मग त्या माणसाच्या तोंडाकडे बघायचात. “वारंगा फाट्याला जायचंय व्हय?” त्याचाच प्रश्न तुम्ही आधी त्याला परत सांगायचात. “लागली न्हाई अजून. समोर तीन नंबरला लागते.” तो जायचा. तुम्ही टोपण काढून दोन ओळी लिहीपर्यंत तोच माणूस परत हजर. पुन्हा टोपण, पुन्हा तोंडाकडे बघणं, पुन्हा तोच प्रश्न, तोच आवाज. कपाळाला आठी नाही. पार्सलवाले काका एकदा म्हणाले, “नाना, एक टेप घ्या की भरून. घसा तरी वाचंल.” तुम्ही म्हणालात, “टेपला दिसत न्हाई ना, समोर कोण उभं हाय ते.”

वसतिगृहात सिस्टर आम्हाला शिकवायच्या, कोणी बोलायला आलं की हातातलं काम खाली ठेवा आणि मग ऐका. मला वाटायचं, तुम्हीही कधीतरी त्यांच्याच शाळेत असणार. एकदा घरी येताना मी विचारलं होतं, लोक तेच तेच काहून विचारतात? तुम्ही थोडं चालल्यावर म्हणालात, “गाडीचं त्याला पहिल्याच वेळी कळलेलं असतं गं. एवढ्या गर्दीत आपल्याला कोणी ध्यानात ठेवलंय का, ते बघायला येतो तो.” सगळीकडेच तुम्ही असे होतात असं मात्र मी म्हणणार नाही. घरी पेपर उघडलात की आईने काहीही विचारलं तरी ‘हं’. एकदा ती चुलीजवळून उठली, खिडकीच्या बाहेर अंगणात जाऊन उभी राहिली आणि गजांतून म्हणाली, “साहेब, दळण कधी आणून देता? का मीबी इथूनच विचारत जाऊ आता?” तुम्ही इतके हसलात की पेपर गळून खाली पडला. पिशवी उचलून गिरणीवर गेलात आणि येताना तिला पेरू घेऊन आलात.

तुमचं एक रागावणं मला फार उपयोगी पडलं, नाना. ते रागावणं होतं हेही मला तेव्हा लवकर कळलं नव्हतं. एका दुपारी तुम्ही आतल्या खोलीत फोनवर होतात आणि खिडकीशी एक म्हातारी आली. सेनगावची गाडी कधी, म्हणाली. मी मोठ्या ऐटीत स्टुलावरून उतरून म्हणाले, “येईलच आता, आजी. बसा.” म्हातारीला बरं वाटलेलं मला दिसलं. तुम्ही बाहेर आलात, विचारलंत, “तुला कोणी सांगितलं येईल म्हणून?” मी म्हणाले, तिला बरं वाटावं म्हणून सांगितलं. तुम्ही मला गजांशी नेऊन दाखवलंत. म्हातारी बाकाच्या अगदी कडेला गाठोडं पोटाशी धरून बसली होती, मान रस्त्याकडे. “ओठ बघ तिचे. कोरडे पडलेत. रांजण पलीकडं हाय, पण ती आता पाणी प्यायला जाणार न्हाई. गाडी येऊन राहिली असं आपण सांगितलंय ना. तिला बरं वाटावं म्हणून बोललीस आणि बांधून घातलंस तिला.” मग तुम्ही स्वतः बाहेर गेलात, तिच्यासमोर वाकलात. “मावशी, गाडी तिकडूनच निघाली न्हाई अजून. तुमी खुशाल पाणी पिऊन या, पाय मोकळे करा. लागली की मी हाक मारतो.” ती ‘व्हय का’ म्हणून उठली, कमरेवर हात देऊन रांजणाकडे गेली. गाडी आली तेव्हा तुम्ही भोंग्यावर सांगितलंत, आणि वर दारात येऊन तिला हाकही मारलीत.

तो भोंगा अजून आहे. त्याच भोंग्यामुळे हे सगळं झालं. तुमच्या नोकरीभर तुमचा आवाज आईच्या स्वयंपाकघरात येत होता. फलाट क्रमांक, कळमनुरीमार्गे, प्रवाशांनी नोंद घ्यावी, हे सगळं तिने फोडणी देता देता ऐकलं. आवाजावरून तिला तुमचं सगळं कळायचं. सर्दी झाली की कळायचं, कोणाशी वाजलं की कळायचं. आवाज बसलेला वाटला तर डब्यात आलेपाकाची वडी यायची. तुम्ही गेल्यावर इतकी वर्षं तो भोंगा तिच्या लेखी नुसता स्टँडचा आवाज होता. आता तिचं मन मागेपुढे व्हायला लागलंय, आणि सध्या तिथे जो नियंत्रक आहे त्याचा आवाज जाडसर आहे, तुमच्यासारखाच शेवटचा शब्द लांबवणारा. दिवाळीनंतर एका संध्याकाळी भोंगा वाजला आणि ती म्हणाली, “ऐकलं का? आवाज बसलाय ह्यांचा. गार पाणी पिले असतील.” मग थोड्या वेळाने, “केव्हा येतील गं?”

धाकटा पुण्याहून फोनवर म्हणाला, “ताई, खरं सांगून टाक. एकदा कळलं की विचारणार नाही.” मलाही ते बरोबर वाटलं, कारण खोटं बोलायची सवय ना तुम्ही लावलीत, ना सिस्टरांनी. मी तिचा हात हातात घेऊन सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, “मला काहून सांगितलं न्हाई कोणी?” आणि पदर तोंडाला लावून अशी रडली, जशी त्या दिवशी रडली होती. दिवा लावायच्या वेळेपर्यंत ती ते विसरली. दुसऱ्या दिवशी भोंगा वाजला, तिने विचारलं, मी सांगितलं, आणि पुन्हा तेच, तितकंच ताजं. एकाच बाईला मी रोज नव्याने विधवा करत होते. तेव्हा आमच्याकडे भांडी घासायला येते ती मला म्हणाली, “तुमी बी काय ताई. म्हणून टाकायचं, येऊन राहिले म्हणून. म्हातारं मानूस लेकरावानी असतं. तकलीफ काहून द्यायची त्याला?” मग मी म्हणू लागले, येतीलच इतक्यात. आई लगेच शांत व्हायची. पदर सारखा करून दारातल्या खुर्चीवर बसायची. जेवायला उठायची नाही, पाणी प्यायची नाही, बाथरूमलाही जायची नाही, मधेच आले तर काय म्हणून. एका संध्याकाळी मी तिच्यासमोर पाण्याचा पेला धरून उभी होते, ती मान रस्त्याकडे करून बसली होती, आणि मला तिचे ओठ दिसले. ती सेनगावची म्हातारी मी तेव्हा ओळखली. खरं सांगून मी तिला रडवत होते आणि बरं वाटावं म्हणून बोलून बांधून घालत होते. तुम्ही खिडकीतून काय सांगितलं असतंत, हे काही केल्या मला सुचत नव्हतं.

ते सुचलं आईलाच. होळीच्या आधीची गोष्ट. दुपारी मी जरा पडले होते. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज झाला म्हणून उठून बघते तर आई ओट्याखालून तुमचा दोन कप्प्यांचा डबा काढून पुसत होती, तोच, झाकणाला पोचा आलेला. सकाळचं पिठलं खालच्या कप्प्यात, दोन भाकऱ्या घडी घालून वरच्या कप्प्यात, भाकरीवर ठेचा आणि कागदात गुंडाळलेली आलेपाकाची वडी. फडक्याची गाठ मारताना तिची बोटं जराही अडखळली नाहीत. मला बघून म्हणाली, “बरं झालं उठलीस. दुपारपाळी आहे ह्यांची. देऊन ये. डबा परत आला की जेवते मी.”

डबा परत आला की जेवते. हे वाक्य मी लहानपणी रोज ऐकत होते आणि त्याच्याकडे कधी लक्षच दिलं नव्हतं. दुपारपाळी असली की ती तुमच्या येण्यासाठी थांबायची नाही, डब्यासाठी थांबायची. डबा परत आला म्हणजे तिकडचं जेवण झालं, आता आपण बसायला हरकत नाही. ते ऐकताना मला नाताळच्या सुट्टीतली ती दुपार आठवली. तांड्यावरची एक बाई, आरशांचा घागरा, कडेवर लेकरू. सेनगावची गाडी काही येत नव्हती आणि ती फिरून फिरून खिडकीशी येत होती. दर वेळी तुमचं टोपण. लेकराची रडून रडून कुरकुर झाली होती. मी आणलेला डबा तुम्ही उघडलात, वास घेतलात, आणि झाकण लावून गजांच्या भोकातून बाहेर सरकवायला लागलात. डबा काही जाईना. मग तुम्ही कप्पे सुटे केलेत आणि एकेक करून बाहेर दिलेत. म्हणालात, “बाई, माझं पोट आज बराबर न्हाई. डबा भरलेला वापस गेला तर बायको रागावते. एवढी मदत करा.” तिने एकदा तुमच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. “साहेब, बायकोला भेता व्हय?” “भेतो की.” ती हसली. बाकावर बसून तिने आधी भाकरी कुस्करून लेकराला भरवली, मग स्वतः जेवली. डबा धुऊन आणला तो तुरीच्या हिरव्या शेंगांनी भरलेला. म्हणाली, रिकामं भांडं आमी वापस देत न्हाई.

घरी आईने झाकण उघडलं आणि शेंगा बघून दोनच शब्द विचारले, “कोण जेवलं?” मी सांगितलं. “लेकराचं पोट भरलं का?” भरलं, म्हटलं. “मग बरं झालं,” म्हणाली आणि तिथेच पाट ओढून जेवायला बसली. रात्री तुम्ही आलात तर तुमच्यापुढे नुसतं ताक. “पोट बराबर न्हाई ना तुमचं?” तुम्ही माझ्याकडे बघितलंत, मी छताकडे. मग तिने हसू दाबत भाकरी वाढली. दुसऱ्या दिवसापासून डब्यात एक भाकरी जास्त यायला लागली. गाडीची खोटी वेळ तुम्ही कधी कोणाला सांगितली नाहीत, पण पोट बरं नाही हे किती सहज सांगून गेलात. त्याचं मला पुष्कळ दिवस कोडं होतं. आईला ते कधीच पडलं नसावं.

तर आईने भरलेला तो डबा घेऊन मी निघाले. तिच्याशी वाद घालायचं त्राण उरलं नव्हतं, हेही खरं. फेरी मारायची, डबा रिकामा करून आणायचा, असं मनात होतं. स्टँडवर खिडकीशी तो जाड आवाजाचा माणूस बसला होता. चाळिशीचा असेल, मिशा, गळ्याला मफलर. “ताई, कुठली गाडी?” “कुठलीच नाही,” म्हटलं. त्याने खांदे उडवले. बाकावर एक म्हातारी होती, शेजारी गाठोडं, हात हळदीने पिवळे. सेनगावकडच्या तांड्यावरची असावी, कानांत चांदीच्या जड साखळ्या. तिचा मुलगा हळद विकायला मोंढ्याच्या बाजारात गेला होता आणि तिला सावलीत बसवून गेला होता, हे तिने बाजूच्या बाईला सांगताना मी ऐकलं. सकाळपासून बसली होती. मी पुढे जाऊन डबा धरला. “आजी, खाता का? घरचं आहे.” तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. “न्हाई बाई. आमी काय मागून राहिलो का?” आणि तोंड फिरवून बसली.

तिचं काही चुकलं नव्हतं. मी उभी होते, ती बसलेली होती, आणि माझा हात वरून खाली आला होता. मी तिच्या शेजारी बाकावर बसले. डबा मांडीवर ठेवला. तुमचं ते ‘एवढी मदत करा’ कानाशी होतं, पण तुमच्यासारखं पोट बरं नाही म्हणायचं धाडस माझ्यात नव्हतं. म्हणून जे होतं तेच सांगितलं. “आजी, माझी आई घरी आहे. नव्वदीला आली. हा डबा भरलेला परत गेला की ती जेवत नाही.”

ती माझ्याकडे वळली. “कोनाचा डबा हाय?”

“माझ्या वडिलांचा.”

“अन् ते?”

“ते नाहीत. आई विसरते.”

तिने गाठोडं बाजूला सरकवलं. मग पदराला हात पुसून म्हणाली, “आन इकडं.” गाठ सोडली, भाकरी मोडली, सावकाश जेवली. मधेच म्हणाली, “पिठल्यात मिरची कमी हाय. मायनं केलं का?” “नाही, मी केलं.” “तरीच,” ती म्हणाली. जेवण झाल्यावर नळावर जाऊन तिने डबा घासूनपुसून आणला आणि गाठोडं सोडून त्यात मूठभर हळकुंडं टाकली. मी नको नको म्हणत होते. “गप. रिकामा काहून देऊ? तुझी माय काय म्हनंल?”

आलेपाकाची वडी उरली होती. ती मी खिडकीच्या भोकातून आत सरकवली. तो माणूस चकित झाला. “हे काय, ताई?” “घशाला. आवाज बसलाय तुमचा.” “तुमाला काय माहीत?” “मागच्या गल्लीत राहते. माझी आई रोज ऐकते तुम्हाला.” त्याने भोंग्याच्या माइककडे एकदा बघितलं, जणू पलीकडे खरंच कोणी असतं हे त्याला त्या क्षणी कळलं होतं. मग वडी तोंडात टाकली.

घरी आले तर आई स्वयंपाकघरातच बसून होती. तिने गाठ सोडली, झाकण उघडलं, एक हळकुंड काढून नाकाशी धरलं. आणि मला म्हणाली, “कोण जेवलं?”

नाना, मी इतके दिवस ‘कधी येतील’ याचं उत्तर शोधत होते. ‘कोण जेवलं’ हे ती विचारेल असं माझ्या मनातही आलं नव्हतं. मी हातातली पिशवी खाली ठेवली, तिच्या तोंडाकडे बघितलं. “सेनगावकडची एक आजी. मुलाची वाट बघत बसली होती.”

“पोटभर?”

“पोटभर. मिरची कमी आहे म्हणाली.”

“कमीच असते तुझी,” आई म्हणाली. आणि ताट ओढून जेवायला बसली. मी उभीच होते. ती अर्ध्यावर आली तेवढ्यात भोंगा वाजला. तिने घास हातात धरून ऐकलं. “आता जरा मोकळा झाला आवाज,” म्हणाली आणि तो घास खाल्ला. तुम्ही केव्हा येणार हे त्या संध्याकाळी तिने विचारलं नाही.

तेव्हापासून ऊन कलायला लागलं की मी डबा घेऊन निघते. आई आता तिसरी भाकरी घालायला लावते. मला स्टँडवरची माणसं दिसायला लागली आहेत, म्हणजे आधीही दिसत होती, पण आता कोणाचे ओठ कोरडे आहेत, कोण सारखं पिशवीला हात लावून बघतंय, कोण रडून बसलंय, हे दिसतं. मफलरवाला हनुवटीनेच खूण करतो, “ताई, त्या कोपऱ्यात बघा.” त्याच्या हातात पेन नसतं, मोबाइल असतो. पण खिडकीशी कोणी आलं की हल्ली तो मोबाइल पालथा ठेवतो. मी त्याला काही सांगितलेलं नाही. डब्यातून कधी लिंबं परत येतात, कधी चिंचा, कधी कोणाच्या देवाचा प्रसाद, आणि एका कॉलेजच्या मुलीने तर गोड हसून चॉकलेट ठेवलं. ते आईने दोन दिवस पुरवून खाल्लं. त्या सजगतेच्या बाईंनी बघितलं असतं तर खूश झाल्या असत्या.

एखाद्या दिवशी अजूनही जमत नाही. डबा परत आलेला असतो, तरी ती विचारते. मग मी तुमच्यासारखा तिचाच प्रश्न आधी तिला सांगते. “नाना कधी येतील, हे विचारतेस ना? त्यांचं काही कळलं नाही, आई. तू खुशाल जेवून घे. काही कळलं की मी हाक मारते.” ती ‘व्हय का’ म्हणते आणि पाणी पिते. थोड्या वेळाने पुन्हा विचारते. ती काय बघायला परत येते ते मला आता माहीत आहे, त्यामुळे मी पुन्हा हातातलं खाली ठेवते. दर वेळी तुमच्याइतकं शांतपणे जमतं असं नाही. तुम्हाला तरी दर वेळी कसं जमायचं, हे विचारायचं राहून गेलं.

हे सगळं सिस्टरांनी गिरवून घेतलेल्या अक्षरात लिहून काढलं आणि वाटलं, डब्याच्या खालच्या कप्प्यात घालावं. पण तिथे पिठलं असतं. तेव्हा ते माझ्याकडेच राहू दे.

एक सांगायचं राहिलं. उन्हाळा वाढलाय, दुपारी स्टँड कधी कधी अगदी ओस असतो. हाक मारायला कोणी नसतं. अशा दिवशी मी तुमच्या खिडकीसमोरच्या बाकावर बसते आणि तो डबा मीच खाते, सगळा. येताना गाड्यावरून दोन पेरू घेऊन त्यात ठेवते. आई झाकण उघडते, विचारते, कोण जेवलं. मी म्हणते, एक बाई होती, आई. एकटीच होती. थकली होती.

“मग बरं झालं,” आई म्हणते, आणि ताट ओढते.